दसऱ्याआधी बुजवलेलं भोक

आमच्या कारखान्याला आम्ही रिफायनरी म्हणायचो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत अगदी शेवटच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड, तीन टाक्या, एक भट्टी आणि तीन मजली इमारतीएवढा उंच एक पोकळ लोखंडी कॉलम, एवढ्यावर हे नाव आम्ही बिनदिक्कत वापरत होतो. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी नुकताच केमिकल इंजिनिअर झालो होतो आणि शिवमंदिराच्या अलीकडे एका खोलीत भाड्याने राहत होतो. लग्नाच्या बोलण्यात मी 'पेट्रोलियम रिफायनिंगमध्ये आहे' असं सांगायचो. एका मुलीचे वडील न कळवता कारखाना बघायला आले. गेटबाहेर उभे राहून त्यांनी गंजक्या पिंपांची रास पाहिली, माझ्याकडे पाहिलं, पाणीही न पिता निघून गेले. त्यांचं मुळीच चुकलं नाही, हे पुढच्या हकीकतीवरून कळेलच.

आमचा माल म्हणजे गोदीत जहाजांच्या टाक्या धुताना निघालेलं तेल. पिंपांतून टेम्पोने यायचं. ते तापवून, वाफ करून, वर थंड करून आम्ही त्यातलं हलकं तेल वेगळं काढत होतो. ते रंगवाल्यांना जायचं, खाली उरलेलं जड तेल भट्ट्यांना. सोपं काम. अडचण एकच, की या तेलात समुद्राचं पाणी असायचं, म्हणजे मीठ. मीठ असलेलं तेल तापवलं की त्यातून आम्ल तयार होतं. ते वाफेबरोबर कॉलमच्या टोकाशी जातं आणि जिथे वाफेचं पहिल्यांदा पाणी होतं तिथे उतरून लोखंड खात बसतं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून तेल आधी टाकीत उभं ठेवून खालचं खारं पाणी सोडायचं, आणि कॉलमच्या माथ्यावर रोज सकाळच्या पाळीला थोडं थोडं अमोनियाचं पाणी द्यायचं, म्हणजे आम्ल मरतं. निघालेल्या पाण्यात रंग बदलणारा कागद बुडवून बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा, सहाच्या आसपास आला की ठीक. मोठ्या रिफायनरीत यासाठी पंप आणि यंत्रं असतात. आमच्याकडे एक ऑपरेटर होता आणि एक प्लॅस्टिकचा कॅन होता.

हा ऑपरेटर बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावचा. आगरी, माझ्याच वयाचा, घरी थोडी भातशेती. पहिल्या पाळीला सायकलने यायचा. चार वर्षं काम करत होता, पण कच्चा, म्हणजे तात्पुरता. दर सहा महिन्यांनी त्याला आठवडाभर घरी बसवून परत घ्यायचे. तेव्हा सगळीकडे हीच पद्धत होती. मालकाने, म्हणजे शेठने, मात्र त्या वर्षी शब्द दिला होता, दिवाळीला कायम करतो. हे ऑपरेटरने मला इतक्यांदा सांगितलं होतं की मलाही ती तारीख आपलीच वाटायला लागली होती.

दुसरा माणूस म्हणजे आमचा फिटर. मुंबईकडच्या एका मोठ्या रिफायनरीतून निवृत्त झालेला, मूळचा कोकणातला. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. मीही मिस्त्रीच म्हणायचो, पण तो मला 'इंजिनिअर' म्हणायचा तेव्हा त्यात आदर किती आणि काय किती, याचा मी फारसा शोध घेत नसे. रोज सकाळी तो हातात एक छोटी हातोडी घेऊन कॉलमभोवती फिरायचा, पत्रा ठोकून आवाज ऐकायचा, जिन्याने वर जाऊन एका ठिकाणी बोट लावायचा आणि बोटाचा वास घ्यायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय आहे.

ते ठिकाण म्हणजे कॉलमच्या वरच्या अंगाला जिथे वाफेचा पाइप जोडला होता, तिथे मजबुतीसाठी लावलेली गोल जाड पट्टी. पाइपाच्या मुळाशी कॉलरसारखी बसवलेली. त्या पट्टीला खालच्या बाजूने एक बारीक भोक होतं. करंगळीही जाणार नाही एवढं. ते का ठेवलेलं असतं हे कॉलेजात शिकवलं होतं. शेवटच्या वर्षाच्या पेपरात तो प्रश्न होता. चार मार्कांचा. मी तो ऑप्शनला टाकला होता.

तर त्या वर्षी दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे मशीनची पूजा. शेठ सिंधी, उल्हासनगर कॅम्प तीनला राहायचा. त्याची आई, बायको, भाऊ, कापड बाजारातले चार मित्र, सगळे गाड्या भरून यायचे. त्याच्या आदल्या दोन दिवसांत प्लांट बंद ठेवून धुवायचा, कॉलमला खालपासून वरपर्यंत चंदेरी रंग मारायचा, जिथे हात पुरेल तिथे झेंडूच्या माळा. शेठची आई वयाने पंचाहत्तर, डोळ्याला कमी दिसायचं, पण रंगाचा वास आला नाही तर तिला पूजा झाली असं वाटत नसे. शेठ मला म्हणाला, "साईं, इस बार एकदम चकाचक. अम्मा को दाग नहीं दिखना चाहिए." अम्माला डाग काय, कॉलमही नीट दिसत नव्हता, पण मी मान डोलावली.

मिस्त्री तेव्हा रजेवर होता. त्याची भातकापणी. दसऱ्याच्या आधी जायचा तो दिवाळीच्या तोंडावर परत यायचा, दरवर्षीचं ठरलेलं. जाताना मला सांगून गेला होता की वरच्या पट्टीवर लक्ष ठेवा. कसलं लक्ष, हे मी विचारलं नाही, कारण इंजिनिअरने फिटरला विचारायचं म्हणजे. तेव्हा मला असल्या गोष्टींचं फार होतं.

प्लांट बंद करायच्या आदल्या दिवशी ऑपरेटर माझ्या टेबलापाशी आला. वर पट्टीच्या भोकातून तेल गळतंय म्हणाला. फार नाही, थेंब थेंब, पण कालपासून. मी वर गेलो. खरंच, भोकाखालून एक काळसर ओघळ कॉलमच्या अंगावर हातभर उतरला होता. मला पहिला विचार काय आला असेल? यावर चंदेरी रंग टिकणार नाही. बास. एवढाच आला.

ऑपरेटर खाली उभा होता. तो म्हणाला, "शायेब, मिस्त्रीला ईचाराला पायजे. तो रोज ह्याच बघत व्हता."

मी म्हणालो, मिस्त्री आता शेतात विळा घेऊन उभा असेल, त्याला विचारायला काय कबूतर पाठवू का? तो हसला. मीही हसलो. माझ्या विनोदांना तो नेहमी हसायचा, आणि चार वर्षांचा कच्चा माणूस साहेबाच्या विनोदाला हसणार नाही तर काय करणार, हे मला फार उशिरा सुचलं.

प्लांट थंड झाल्यावर मी स्वतः वर चढलो. रंगाऱ्याला सांगितलं असतं तर तो लांबी, म्हणजे पुट्टी, भरून मोकळा झाला असता. मी मात्र कामाचा माणूस. भोकात टॅप नावाचं हत्यार फिरवून व्यवस्थित आटे पाडले, एका छोट्या बोल्टला पांढरी टेप गुंडाळली, बोल्ट आवळून बसवला, वर लांबी लावली, घासून सपाट केली. नोकरीत दोन वर्षांत मी स्वतःच्या हाताने केलेलं ते पहिलं सुबक काम. खाली उतरून ऑपरेटरला म्हटलं, बघ, आता शोधून दाखव. त्याने बराच वेळ वर पाहिलं आणि म्हणाला, नाय गावत.

पूजा उत्तम झाली. अम्माने कॉलमला हळद-कुंकू लावलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. शेठने मित्रांना सांगितलं, हमारा इंजिनिअर लड़का. मी पेढे खाल्ले. चार.

आता ते भोक कशासाठी असतं ते सांगतो, चार मार्कांचं उत्तर. पट्टी बाहेरून जोडलेली असते, तिच्या मागे कॉलमचा मूळ पत्रा. मागचा पत्रा आम्लाने खाल्ला जाऊन आरपार झाला तर ते बाहेरून कुणाला कळणार नाही, पट्टी झाकून ठेवेल. म्हणून पट्टीला भोक पाडून उघडं ठेवतात. मागचा पत्रा गेला की तेल भोकातून बाहेर येतं आणि माणसाला वेळेवर कळतं की प्लांट बंद करा. बंद करायचा, पाइप काढायचा, पत्रा बदलायचा. भोक गळतंय याचा अर्थ भोक बिघडलंय असा नसतो. मिस्त्री रोज त्यालाच बोट लावून बघत होता. आणि मी त्यात बोल्ट आवळून बसवला.

दसऱ्यानंतर दोन आठवड्यांनी, सकाळची पाळी. मी ऑफिसात चहा घेत बसलो होतो. ऑपरेटर अमोनियाचा कॅन घेऊन जिन्याने वर गेला होता. आधी एक आवाज आला, पत्रा दुमडल्यासारखा, आणि मग सतत सूं सूं. मी बाहेर आलो तेव्हा वरच्या पट्टीच्या कडेने वाफ आणि गरम तेल फवाऱ्यासारखं बाहेर येत होतं. बोल्ट जागच्या जागी होता. पट्टीचं वेल्डिंग सुटलं होतं. ऑपरेटर जिन्याच्या वळणावर बसला होता, उजवा हात अंगापासून लांब धरून.

मी काय केलं? वाळूची बादली शोधायला धावलो. आग लागलीच नव्हती. भट्टीवाल्याने आपणहून बर्नर बंद केला म्हणून लागली नाही, आणि मी वाळूची बादली घेऊन शेडमध्ये उभा होतो. ऑपरेटरला वरून दोघांनी उतरवलं. मला आठवतं, त्याचा शर्ट बाहीपाशी कातडीला चिकटला होता आणि तो ओरडत नव्हता, दात आवळून 'आयो, आयो' एवढंच म्हणत होता. पिंपं उतरवायला आलेला टेम्पो रिकामा होता, त्यात गोणपाटावर निजवून उल्हासनगरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत फाटकापाशी थांबायला लागलं. तेव्हा त्याने मला विचारलं, "शायेब, अमोनिया मी दिलंलाय. कॅन अर्धा खाली केला व्हता. तुमी लिवशाल ना वहीत?"

मी हो म्हणालो.

उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत आणि मानेची एक बाजू. जिवाला धोका नाही, डॉक्टर म्हणाले. हाताचं नंतर बघू.

कारखाने तपासणारा सरकारी अधिकारी येणार होता, त्याआधी शेठला माझ्याकडून अहवाल हवा होता. का फुटलं, ते एका पानात. मी ती वही काढली. दसऱ्याच्या आठवड्यानंतर अमोनियाचे तीन दिवस कोरे होते. इतर ठिकाणी आकडे होते, ते तीन रकाने रिकामे. शेठनेही ते पाहिले. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, साईं, दवा नहीं डाला तो लोहा गलेगा ना? मी म्हणालो, गलेगा. बरोबरच होतं ते, रसायनशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात असंच आहे. मी पानावर लिहिलं की वरच्या भागात अमोनिया नियमित न दिल्यामुळे गंज वाढून पत्रा निकामी झाला. कोण देत होता हे लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती. द्यायला एकच माणूस होता.

भोकाविषयी काही लिहिलं नाही. माझ्या मनाने मला पटवलं की तीन दिवसांत पत्रा जात नाही हे अधिकाऱ्याला आपोआप कळेल. आपोआप कुणालाच काही कळलं नाही. अधिकारी आला, वर न चढता पान वाचलं, वही पाहिली, चहा घेतला. निष्काळजीपणा, असा शब्द पडला. शेठने मला एकट्याला बोलावून सांगितलं की असा माणूस आता कायम करता येणार नाही, दवाखान्याचा खर्च मी बघेन, पण परत ठेवणं कठीण.

मिस्त्री दोन दिवसांनी आला. आल्या आल्या वर चढला. मी खाली उभा. वरून पोलादी ब्रशने रंग खरवडल्याचा आवाज बराच वेळ येत होता, मग पान्याचा. खाली उतरला तेव्हा त्याच्या तळहातावर बोल्ट होता, पांढऱ्या टेपसकट.

"हा कुणी लावला?"

मी म्हणालो, दसऱ्याला रंगारी आले होते, त्यांनी असेल.

मिस्त्रीने बोल्ट उलटसुलट करून पाहिला. "रंगारी आटे पाडत नाही, इंजिनिअर," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "ज्याने केलं त्याचं काम छान आहे. आपला ऑपरेटर दिवाळीला कायम होणार होता ना?" बोल्ट खिशात टाकून तो हत्यारं काढायला निघून गेला. शेठकडे गेला नाही. तो गेला असता तर मला फार बरं वाटलं असतं.

त्या रविवारी मी बदलापूरला उतरून पुढे टमटमने ऑपरेटरच्या गावी गेलो. तो दवाखान्यातून घरी आला होता. पडवीत खाटेवर बसलेला, हात पट्ट्यांत, तळव्याखाली उशी. समोरच्या शेतात भात कापायला आलेलं आणि त्याची बायको आणि तिच्या दोन जावा कापत होत्या. त्याची आई मला पाणी देऊन तिथेच भिंतीला टेकून बसली. मी येताना सफरचंदं नेली होती. ती कुठे ठेवावीत ते कळेना म्हणून मांडीवर घेऊन बसलो.

बोलायला मला फार वेळ लागला. हवा, भात, दवाखाना असं सगळं झालं. मग सांगितलं, की तू गळतंय म्हणालास ते बरोबर होतं, ते भोक गळण्यासाठीच होतं, ते मी बुजवलं नसतं तर आपण प्लांट बंद केला असता आणि तू त्या दिवशी वर नसतास. आणि मी लिहिलंय की अमोनिया दिला नाही म्हणून झालं.

 त्याच्या आईने विचारलं, "म्हंजी तुमी केलाव?" मी हो म्हणालो. ती उठून आत गेली.

शेतातून विळ्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "आता दुसरा कागद लिवा. माज्यासमोर."

माझ्याकडे कागद होता. खरं सांगायचं तर मी कागद घेऊन गेलो होतो पण लिहीनच असं ठरवलं नव्हतं. मी लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं: गळती ऑपरेटरने कळवली होती, भोक मी स्वतः बुजवलं, गळती लपली, त्यामुळे पट्टी फुटली, ऑपरेटरचा दोष नाही. त्याने लक्ष देऊन ऐकलं.

"ते तीन दीस राह्यलं," तो म्हणाला.

मी म्हणालो, ते राहू दे, त्याने तुझंच नुकसान होईल.

"तीन दीस अमोनिया नाय दिला त्या खरा हाय. वहीत रकाना खाली हाय. तुमी नाय लिवला तर बोलतील ह्यो कागद बी खोटा." मग माझ्याकडे सरळ बघत, "का नाय दिला, त्या पन लिवा."

का दिला नाही, ते मला आठवलं तेव्हा. पिंप संपलं होतं. तो तीन दिवस येऊन सांगत होता आणि मी रोज 'उद्या मागवतो' म्हणत होतो, कारण दसऱ्याच्या गडबडीत मागणीची चिठ्ठी लिहायची राहिली होती आणि ती राहिली हे शेठला सांगायची मला लाज वाटत होती. म्हणून त्याने वहीत खोटा आकडा न लिहिता रकाना कोरा ठेवला. दुसरा कुणी असता तर गप सहा लिहून मोकळा झाला असता. आम्ही सगळे सहाच लिहायचो. त्याने लिहिलं नाही, आणि मी त्या कोऱ्या रकान्याचाच त्याच्याविरुद्ध पुरावा केला.

मी तेही लिहिलं. त्याने डाव्या हाताने, मुलासारखी वाकडीतिकडी, सही केली.

सोमवारी शेठने तो कागद दोनदा वाचला. मराठी त्याला वाचता यायचं, सावकाश. त्याने विचारलं की हे पाठवलं तर सरकार कारखान्याला विचारेल, मग मी काय सांगू. मी म्हणालो, इंजिनिअरने केलं म्हणा, इंजिनिअरला काढलं म्हणा. त्याला यावर हसू आलं, दुःखी हसू. "तुझे तो निकालना ही पड़ेगा, साईं," तो म्हणाला. कागद मात्र त्याने पाठवला, आणि त्याबद्दल त्याचं श्रेय मी कधी कमी केलं नाही.

मला महिनाअखेर काढलं. पुढे मी डोंबिवलीला एका रंगाच्या कारखान्यात लागलो, तिथेही चुका केल्या, पण त्या माझ्याच अंगाशी आल्या. ऑपरेटरला शेठने दिवाळीनंतर कायम केलं. मिस्त्री मला एकदा अंबरनाथच्या बाजारात भेटला, त्याने सांगितलं. कॉलमवर मात्र त्याला चढवत नाहीत, म्हणाला. हाताची तीन बोटं वळत नाहीत. व्हॉल्व्ह डाव्या हाताने फिरवतो, वही डाव्या हाताने लिहितो, कष्टाने पण नीट. गेटपाशी टेबल दिलंय.

आणि शेती, मी विचारलं.

विळा धरता येत नाही, मिस्त्री म्हणाला. बायको कापते. तो बांधावर बसतो आणि पेंढ्या बांधायला दोरी देतो.